‘शोरूम कंडिशन’ या शब्दाची किंमत

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे आपले बंधू, आणि त्यांच्या जोडीने डेंटिंग, पेंटिंग, सीट-कुशन व पॉलिशची कामे करणारे कारागीर, या सर्वांच्या तोंडी एक वाक्य कायम असते: ‘गाडी शोरूम कंडिशनमध्ये आहे.’ अल्टो किंवा बोलेरो विकताना हे वाक्य गिऱ्हाईक फारसे मनावर घेत नाही. ते इंजिन ऐकते, टायर पाहते, अ‍ॅव्हरेज विचारते आणि भाव पाडायला लागते. परंतु मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो अशी गाडी असली म्हणजे याच वाक्यावर सौदा बसतो किंवा मोडतो. कोल्हापुरात अशा जुन्या गाड्यांचा व्यवहार वाढला आहे. म्हणून या वर्गाचे गिऱ्हाईक गाडीच्या बाह्यरूपाकडून नेमकी काय अपेक्षा ठेवते, याचा थोडा अभ्यास करू.

१९९५ मध्ये पिंपरीला मर्सिडीजची ई-२२० तयार होऊ लागली, तेव्हा अशी गाडी आपल्या गल्लीत आली तर मुले तिच्यामागे धावत. पुढे ऑडी औरंगाबादेत, बीएमडब्ल्यू चेन्नईत जोडली जाऊ लागली. मर्सिडीजनेही २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभा केला. या गाड्यांची नव्याची किंमत पहिल्या काही वर्षांतच निम्म्यावर येते. त्यामुळे नवीन मध्यम गाडीच्या पैशात सात-आठ वर्षांची जर्मन गाडी मिळू लागली आणि एक नवे गिऱ्हाईक तयार झाले. आपण मात्र त्याला अजून जुन्या रीतीनेच माल दाखवतो.

आमच्याच हातून घडलेली चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काळ्या रंगाची एक जर्मन सेडान साडेतेरा लाखांना घेतली. गाडी सात वर्षांची, एका हातातली, सर्व्हिसची नोंद पूर्ण. डाव्या बाजूला पुढच्या फेंडरवर पार्किंगमधला एक ओरखडा, मागच्या दारावर मोटारसायकलचे हँडल लागून पडलेला पोचा आणि बंपरच्या कोपऱ्यावर घासल्याची खूण, एवढेच तिचे ऐब. गिऱ्हाइकाला खोड काढायला जागाच ठेवायची नाही, या विचाराने आम्ही डाव्या बाजूचे फेंडर, दोन्ही दारे आणि बंपर रंगवून घेतला. अठ्ठेचाळीस हजार गेले. कारागिराने काम उत्तम केले. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. फोनवर आम्ही पुण्याच्या गिऱ्हाइकाला सांगितले, ‘ओरिजिनल कलर आहे, शोरूम कंडिशन.’

ते गृहस्थ २३० किलोमीटर गाडी चालवत आले. सोबत एक मित्र, आणि मित्राच्या खिशात रंगाची जाडी मोजायचे छोटे मीटर. बोनेट १२०, उजवी बाजू ११५ ते १३०, डावे फेंडर ३१०, मागचे दार ६४०. त्यांनी विचारले, ‘अपघात झाला आहे का?’ आम्ही नाही म्हणालो, आणि ते खरे होते. ‘मग फोनवर ओरिजिनल का म्हणालात?’ याला आमच्याकडे उत्तर नव्हते. चहा घेऊन ते उठले. जाताना एक गोष्ट बोलून गेले, ती आम्ही विसरलेलो नाही: ओरखडा तसाच असता तर पंचवीस हजार कमी मागितले असते, आता मात्र इंजिन, गिअरबॉक्स, किलोमीटर, कशावरच भरवसा बसत नाही. ती गाडी चार महिन्यांनी सव्वातेरा लाखांना गेली. रंगाचे पैसे, अडकलेले भांडवल आणि तोटा, सर्व आमच्या अंगावर पडले.

यात त्या गिऱ्हाइकाचा विचार समजून घेण्यासारखा आहे. स्वस्त गाडीत रंग म्हणजे रंग असतो. महाग गाडीत रंग हा साक्षीदार असतो. अशा गाडीचा एक गिअरबॉक्स किंवा हवेवरचे सस्पेन्शन बिघडले तर खर्च लाखांत जातो, आणि ते आतले बिघाड गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. दिसतो तो फक्त पत्रा. म्हणून दिसणाऱ्या गोष्टीत मालक आणि विकणारा किती खरे बोलतात, यावरून ते न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधते. ओरखड्याने भाव थोडा उतरतो. लपवलेल्या ओरखड्याने सगळाच विश्वास जातो.

तरीही सर्व गिऱ्हाइके सारखी नसतात. तीन वर्षांच्या आतली गाडी, नव्याच्या साठ-पासष्ट टक्के भावाने घेणारा माणूस ‘दोन हात लांबून काही दिसू नये’ अशी अपेक्षा ठेवतो, आणि ती रास्त आहे. आठ-दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याला बोनेटच्या तोंडावर खडीचे टिपके, ड्रायव्हर सीटच्या कडेला सुरकुत्या, दाराच्या मुठीमागे नखांच्या रेषा दिसल्या तर चालतात. उलट त्या नसल्या तर तो चमकतो. पहिल्यांदाच अशी गाडी घेणारा तरुण उद्योजक चमक पाहतो आणि घरच्यांना फोटो पाठवतो. ज्याने आधी एक-दोन वापरल्या आहेत तो चमक पाहतच नाही, तो दारांच्या फटी पाहतो. आपला माल कोणाकडे जाणार हे ओळखून खर्च करावा.

आता मीटरविषयी, कारण डेंटर-पेंटर बंधूंना याची भीती वाटते. भीतीचे कारण नाही. कारखान्यातला रंग बहुधा ९० ते १६० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एकदा फेररंग दिलेला पत्रा दोनशे-तीनशेच्या आसपास जातो. त्याच्या बरेच वर, पाचशे-हजार असा आकडा आला की खाली पुट्टी आहे असे समजावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे मीटर चालत नाही. तिथे रंगाची छटा आणि कडेला राहिलेली टेपची रेघ पाहतात. रबरावर उडालेला रंग, फेंडरच्या बोल्टवर पान्याने निघालेला रंग, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा आलेला उठाव, या खुणा जाणते गिऱ्हाईक मीटरशिवायही ओळखते.

चुंबकाची जुनी युक्ती मात्र या गाड्यांना लावू नये. चुंबक चिकटला नाही की पुट्टी, असे काही दलाल गिऱ्हाइकासमोर छातीठोकपणे सांगतात. बीएमडब्ल्यू ५ सिरीजच्या २०१० च्या पिढीत बोनेट, पुढचे फेंडर आणि दारेसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची आहेत. मर्सिडीज ई-क्लासच्या गेल्या काही पिढ्यांतही बोनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत. तिथे चुंबक कसा चिकटणार? मीटरही दोन्ही धातूंवर चालणारेच घ्यावे, नाहीतर चांगल्या गाडीवर नाहक आळ येतो. आमच्या डेंटर बंधूंना आणखी एक सूचना: अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडावर वापरलेली कानस, ब्रश किंवा सँडपेपर लावू नये. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि वर्षभरात रंगाखाली फोड येतात. त्या कामाची हत्यारे वेगळी ठेवावीत.

पॉलिशविषयी आमचे मत अनेकांना आवडणार नाही. हुपरीचा चांदी कारागीर जाणतो की पॉलिश म्हणजे चांदीच घासणे. वजनात थोडी घट येतेच. गाडीचेही तसेच. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला आपण लॅकर म्हणतो, तो जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि प्रत्येक रबिंगला त्यातले काही मायक्रॉन जातात. विकायला काढलेली प्रत्येक गाडी मशीनवर घासून काढायची सवय लागली तर तिसऱ्या मालकाकडे पोहोचेपर्यंत बोनेटचा लॅकर उन्हात पापडासारखा उठतो. ओरखड्यावर नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर पॉलिशने भागेल. अडकत असेल तर पॉलिश करून उपयोग नाही. तो ओरखडा एकतर रंगवावा किंवा तसाच ठेवून सांगावा. सात वर्षांच्या गाडीवर तो तसाच ठेवून सांगण्याकडे आमचा कल आहे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक तपकिरी ठिपके येतात, ते पाहून बाहेरगावचे गिऱ्हाईक ‘गाडी गंजली’ म्हणते. तो पत्र्याचा गंज नसतो. हवेतले लोखंडाचे कण लॅकरवर बसून गंजतात. क्ले लावून हलक्या हाताने धुतले की बहुतेक निघतात. हे काम येणाऱ्या कारागिराला आपल्या शहरात धंदा कमी पडणार नाही. तीच गोष्ट रंग न उडवता आतून दाब देऊन पोचा काढण्याच्या कामाची. आमच्या त्या सेडानच्या दारावरचा पोचा असा निघाला असता, मूळ रंग शाबूत राहिला असता, आणि पुण्याच्या मित्राचे मीटर १२० दाखवून गप्प बसले असते. लोहारकाम आणि पत्र्याचा हात ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, अशा तरुणांनी हे शिकून घ्यावे.

कोल्हापूरच्या गाडीबाबत आणखी एक संशय असतो, तो पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली; जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागातल्या तळमजल्यांत गाड्या बुडालेल्या सर्व महाराष्ट्राने दूरदर्शनवर पाहिल्या. त्यामुळे आपल्या नंबरची गाडी पाहताना पुणे-मुंबईचे गिऱ्हाईक आधी मॅटखाली हात घालते. इथे आपण उलटेच करून बसतो. विक्रीपूर्वी हौसेने नवे कार्पेट टाकतो, छताचे कापड बदलतो, आत वासाची बाटली ठेवतो. त्या माणसाच्या डोक्यात लगेच येते: एवढे सगळे नवे का? गाडी पुरातली नसेल तर जुने स्वच्छ कार्पेट हाच तिचा दाखला आहे. ते बदलू नये. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाकडचा पट्टा दाखवावा, सीटखालचे बोल्ट दाखवावेत, डिकीत स्टेपनीची जागा उघडून दाखवावी. गाडी खरोखर पुरातली असेल आणि विमा कंपनीकडून निकाली निघून आली असेल, तर ते लिहूनच विकावे आणि भावही तसाच ठेवावा.

आतल्या सजावटीत सर्वांत जास्त नुकसान आपल्या प्रेमामुळे होते. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला तेल पाजले की ते मऊ राहते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. पण गाडीच्या सीटचे कातडे वेगळे. त्यावर रंगाचा आणि संरक्षक थराचा लेप असतो. तेल आत जातच नाही, वर राहून धूळ धरते, आणि बुटाचे पॉलिश तर पँटला लागते. ओलसर मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे. दुसरे असे की अनेक जर्मन गाड्यांतले ‘लेदर’ हे लेदर नसतेच. मर्सिडीजचे आर्टिको, बीएमडब्ल्यूचे सेन्सॅटेक ही कृत्रिम आवरणे आहेत. माल टिकाऊ आहे, पण पावतीवर ‘लेदर सीट’ लिहिले की आपण खोटे लिहिले. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड फाटली असेल तर एकच बाजू हुबेहूब जुळवून शिवणारा कुशनवाला शोधावा. चारही सीटला बाजारी कव्हर चढवले की गिऱ्हाईक विचारतेच, खाली काय झाकले आहे?

चाके आणि दिवे थोडक्यात सांगतो. अलॉयच्या कडेला फुटपाथवर घासल्याची खूण सर्वांना चालते. तडा किंवा वेल्डिंग कोणालाच चालत नाही, आणि चालूही नये. हेडलाइटची काच म्हणजे खरे तर प्लॅस्टिक. पिवळी पडली असेल तर घासून उजळता येते. मात्र दिव्यात पाणी साचत असेल तर ती दिसण्याची बाब राहिली नाही, कारण नव्या पद्धतीच्या एका दिव्याला लाखाच्या पुढे पैसे पडू शकतात. जाणते गिऱ्हाईक असाच हिशेब करते: हा दोष मजुरीने जातो की पार्ट लागतो? तुम्हीही दोष सांगताना तसेच सांगा.

आता पैशांचा हिशेब. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर कर लागतो तो खरेदी व विक्रीच्या फरकावर. मोठ्या गाड्यांना २०१८ पासून हा दर १८ टक्के आहे, आणि जानेवारी २०२५ पासून लहान गाड्याही त्याच दरात आल्या. या पद्धतीत रंगकामाचा खर्च खरेदीच्या किमतीत धरता येत नाही. चौदा लाखांना घेतली, साठ हजार रंगात घातले, पंधरा लाखांना विकली, तर कर चाळीस हजारांवर नव्हे, लाखावर बसतो. म्हणजे अठरा हजार कर, आणि हातात उरले बावीस. तीच गाडी न रंगवता, खुणा सांगून, चौदा लाख साठ हजारांना गेली तर कर १०,८०० आणि हातात ४९,२००. आपल्या कर सल्लागाराकडून आपल्या व्यवहाराचा आकडा तपासून घ्यावा, पण रंगाला हात लावण्यापूर्वी घ्यावा.

कायदाही याच बाजूचा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाची हमी दुकानदारावर येत नाही. उघडा ओरखडा म्हणजे आपले संरक्षण. पण तो माहीत असून झाकला, तर १८७२ च्या करार कायद्यात जाणूनबुजून वस्तुस्थिती झाकणे हे फसवणुकीच्या व्याख्येतच येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगापुढे जातो. पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी तारखेला पुण्याला जावे लागेल, तेव्हा तो ओरखडा फार महाग पडेल. आणि बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पैगंबरांनी (स.) आतले ओले धान्य पाहिल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिथे व्यापाऱ्याला ओला माल विकू नको असे सांगितले नव्हते. तो वर, लोकांना दिसेल असा का ठेवला नाहीस, एवढेच विचारले होते.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. गाडी आली की ती धुऊन पूर्ण वाळवतो, कारण ओल्या गाडीच्या फोटोत ओरखडे दिसत नाहीत आणि हे आता सर्वांना कळते. सकाळच्या तिरप्या उन्हात चारही बाजूंचे फोटो घेतो. मग एका कागदावर गाडीची आकृती काढून प्रत्येक खूण आकड्याने दाखवतो: कुठे आहे, किती लांबीची, पॉलिशने जाते की नाही, कोणता पत्रा कधी रंगवला, मीटरचा आकडा किती. ‘शोरूम कंडिशन’, ‘मिंट’, ‘एक नंबर’ हे शब्द लिहीत नाही. नाणे शेजारी ठेवून खुणेचा जवळून फोटो घेतो आणि गिऱ्हाईक निघण्याआधी सगळे त्याच्या फोनवर पाठवतो. काही जण तो कागद पाहून येतच नाहीत. येऊ नयेत. त्यांचे डिझेल वाचले आणि आमचा दिवस.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दरवर्षी दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा सारे कोल्हापूर ती पाहायला उभे असते. तिच्यावर वयाची खूण आहे म्हणून कोणी तोंड वाकडे करत नाही. जुन्या वस्तूचे वय दिसण्यात कमीपणा नाही, हे आपल्या शहराला शिकवायची गरज नसावी.

मागील हंगामात एक पांढरी जर्मन एसयूव्ही आमच्याकडे होती. कागदावर आम्ही अकरा खुणा लिहिल्या होत्या. हुबळीहून आलेल्या व्यापाऱ्याने तो कागद हातात धरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग छताच्या मागच्या कडेला आमच्या नजरेतून सुटलेली एक बारीक रेघ दाखवली. म्हणाला, ‘बारावी लिहा.’ आम्ही लिहिली, खाली दोघांनी सह्या केल्या आणि त्याने इसार दिला. खुणांपोटी त्याने एक रुपया कमी मागितला नाही. टायरवरून मात्र तासभर घासाघीस केली, आणि शेवटी दोन नवे टायर आमच्याकडून घेऊनच गेला.